बदामाच्या पानांचं पाकीट: भित्र्या हनी गुरामीसाठी घ्यावं का?

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. माशांच्या टाकीत घालायची ही पानं चांगली आहेत, आमचा मासा खरंच रुळला. पण पाकिटावर छापलेल्या दाव्यांतले निम्मे मनावर घेऊ नका, आणि तुमच्या सोसायटीत, शाळेच्या मैदानात, कुठेही देशी बदामाचं झाड असेल तर पैसे देऊन पानं मागवायची काहीच गरज नाही. पाचपैकी साडेतीन स्टार. आता सविस्तर.

मागवलं काय, तर सुकलेल्या बदामाच्या पानांचं दहा पानांचं पाकीट, ऑनलाईन, डिलिव्हरी धरून दीडशेच्या आसपास पडलं. हा आपला खिरीत घालायचा बदाम नाही बरं का, हा देशी बदाम, काही जण जंगली बदाम म्हणतात, शास्त्रीय नाव टर्मिनालिया कटाप्पा. मजल्यामजल्यांनी आडव्या फांद्या पसरतो, आणि लहानपणी ज्याची फळं दगडाने फोडून आतली बारीकशी बी खायचो तो. पाकिटातली पानं वीतभर लांब, तपकिरी, कडक, दोनेक वाटेत तुटलेली, बाकी धड. वास नुसता सुक्या पाचोळ्याचा, बुरशी कुठे दिसली नाही. पॅकिंगला पूर्ण मार्क. दाव्यांना मात्र नाही, कारण त्यावर लिहिलंय की स्ट्रेस जातो, बुरशी जाते, बॅक्टेरिया मरतात, पीएच उतरतो, रंग खुलतो, मासे अंडी घालतात, पोळ्या कोण लाटणार तेवढं लिहायचं राहिलंय.

मासा कोण ते सांगते, कारण त्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. हनी गुरामी. जेमतेम दोन इंचांचा, आणि गुराम्यांमध्ये हा तसा लाजाळूच. मूळचा आपल्याच देशातला, बंगाल-आसाम-बांगलादेशकडच्या संथ, झाडोऱ्याने भरलेल्या पाण्यातला. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांबरोबर ह्याचीही नोंद करून ठेवलीय. दुकानात बऱ्याचदा ह्याची पिवळीधमक जात मिळते, मूळचा रंग मातकट असतो आणि नर रंगात आला की मधाळ केशरी होऊन गळ्याखाली काळानिळा पडतो. आमच्याकडे चार आणले, टाकी दोन बाय एक बाय सव्वा फूट, म्हणजे वाळू-दगड वजा करून साठेक लिटर पाणी. त्यातले तीन लवकरच खायला वर यायला लागले आणि चौथा जो फिल्टरच्या मागे जाऊन बसला तो बसला.

आता मासा घाबरलाय हे कळतं कसं, तर आमचा चौथा हे सगळं एकत्र करत होता: पर अंगाला चिकटवून मिटलेले, रंग उतरलेला, आणि डोळ्यापासून शेपटीपर्यंत अंगाच्या मधोमध एक आडवी तपकिरी रेघ. ही रेघ मादीला एरवीही असते म्हणून तेवढ्यावरून ठरवू नका, पण आमचा नर होता आणि तो घाबरला की ती गडद व्हायची, बाकीचे निजले आणि घर शांत झालं की फिकी. लाईट लावला की तीरासारखा पळायचा, झाकणावर डोकं आपटायचा. कोणी समोर उभं असेल तर खायचा नाही. नवीन जागेत मासा आधी तळाशी जातो आणि मग हळूहळू वर येतो हे तसं नॉर्मल आहे, लॅबमध्ये झेब्राफिशची भीती मोजतातच मुळी अशी, नवीन टाकीत सोडायचा आणि तळ सोडून वर यायला किती वेळ घेतो ते बघायचं. पण आमच्याकडे आठवडे उलटले तरी हा आपला तिथेच.

आणि गुरामीच्या बाबतीत एक ज्यादाचा त्रास आहे जो मला वाटतं दुकानदार सांगत नाहीत. ह्या माशाला कल्ल्यांबरोबर लॅबिरिंथ नावाचा वेगळा अवयव असतो, त्याने तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो. म्हणजे कितीही घाबरला तरी मधूनमधून वर यावंच लागतं. आता तळ्यातल्या माशाच्या बाजूने विचार करा, वर कोण असतं? खंड्या असतो, बगळा असतो. उघड्या पाण्यावर तोंड काढणं हा दिवसातला सगळ्यात धोक्याचा क्षण, आणि आपण घरी काय करतो, तर टाकीच्या बरोब्बर वर पांढराशुभ्र एलईडी लावतो आणि खाली त्याला लपायला प्लास्टिकचा किल्ला ठेवतो. त्याला गुहा नको असते हो, छप्पर हवं असतं.

म्हणूनच पानांची गंमत अशी की पाकिटावर जे कुठेच लिहिलेलं नाही तेच मला सगळ्यात उपयोगी पडलं. सुकं पान पाण्यात टाकलं की ते लगेच बुडत नाही, दोन-तीन दिवस वर तरंगत राहतं. पहिलं पान सोडलं, आणि संध्याकाळपर्यंत चौथा फिल्टरमागून निघून त्या पानाच्या खाली येऊन थांबलेला. पर अजून मिटलेलेच, पण जागा बदलली. टॅनिन (पाण्याला तपकिरी रंग देणारा पानातला तुरट अंश) वगैरे पाण्यात उतरायला तेवढा वेळही गेला नव्हता, त्यामुळे हा परिणाम पानाच्या रसायनाचा नाही, पानाच्या सावलीचा. तीन दिवसांनी पान भिजून खाली बसलं तसा हा परत मागे. मग मी सरळ दुसरं सोडलं.

रंगाचं काय, तर हो, पाणी रंगतं. साठ लिटरला दीड-दोन पानं असं प्रमाण मी ठेवलं, साधारण चाळीस लिटरला एक असं बरेच जण सांगतात, आणि आठवड्याभरात पाणी फिक्या कोऱ्या चहासारखं झालं. ह्यातून प्रकाश जरा कमी खाली जातो, काचेतली चमक कमी होते, आणि माशाला आपण तितके स्पष्ट दिसत नाही. हे मला पटतं आणि दिसलंही. सासूबाईंना मात्र अजिबात पटलं नाही. “अगं पाणी सडलंय बघ, किती दिवस बदललं नाहीस?” असं आल्यागेल्यासमोर. मी म्हटलं आई, मुद्दाम केलंय. त्यावर “मुद्दाम?” एवढंच म्हणाल्या आणि तो विषय तिथे संपला असं मला वाटलं, पण नंतर शेजारच्या काकूंनी येऊन टाकी साफ करणाऱ्या माणसाचा नंबर दिला. तर सांगायचं इतकंच की रंग घरच्यांना चालणार नसेल तर फिल्टरमध्ये कार्बन टाकला की तो शोषला जातो, पण मग पानं घालण्यात अर्धा अर्थ उरत नाही, आणि तुमच्या फिल्टरमध्ये आधीपासून कार्बन असेल तर काढून ठेवा नाहीतर पानाचा रंग दिसणारच नाही आणि तुम्ही विक्रेत्याला एक स्टार देऊन मोकळे व्हाल. खाली असे रिव्ह्यू आहेत, मी वाचलेत.

पीएचचा दावा. हे तुमच्या पाण्यावर आहे. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाचं धरणाचं पाणी येतं, ते मऊ असतं, त्यात पानांनी पीएच थोडा खाली सरकतो. पण आमच्यासारखं घोडबंदरला राहत असाल आणि उन्हाळ्यात टँकर येत असेल, किंवा कुठेही बोअरचं पाणी असेल, तर त्या पाण्याची केएच, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, इतकी असते की पानातलं आम्ल त्यात जिरून जातं आणि पीएच जागचा हलत नाही. मी टेस्ट किटने मोजलं, आधी जो रंग आला नंतरही तोच. आणि खरं सांगू, हलवायची गरजही नव्हती. ह्या माशाला सहापासून साडेसातपर्यंत सगळं चालतं, त्याला त्रास होतो तो आज एक आणि उद्या एक झालं की. पीएच उतरवायला म्हणून कोणी टाकीभर पानं घालणार असेल तर प्लीज नको.

औषधाचा दावा. पानांच्या अर्काने काही बॅक्टेरिया आणि बुरशी रोखल्या जातात हे लॅबमध्ये बघितलेलं आहे, पण तिथला अर्क घट्ट असतो आणि तुमच्या टाकीत दीड पान साठ लिटरमध्ये. माशाला खरोखर पांढरे ठिपके आले किंवा पर कुजायला लागले तर पानावर बसू नका, औषध आणा. आणि त्याहून महत्त्वाचं, मासा कोपऱ्यात बसलाय म्हणजे तो भित्राच आहे असं नाही. नवीन टाकी असेल, फिल्टरमध्ये माशांची घाण पचवणारे उपयोगी बॅक्टेरिया अजून बसले नसतील, तर त्या घाणीतून विषारी अमोनिया वाढतो आणि त्यातही मासा असाच पर मिटून, रंग उतरवून, जोरजोरात कल्ले हलवत बसतो. अमोनिया आणि त्यातून होणारं नायट्राईट दोन्ही शून्य आहेत का हे आधी बघा, नसतील तर पानं आणि सजावट बाजूला ठेवून पाणी बदला. ह्याचा चुलत भाऊ ड्वार्फ गुरामी, निळ्या-लाल पट्ट्यांचा, त्याच्यात तर एक इरिडोव्हायरस फिरतो ज्यावर इलाज नाही, तो जर सुस्त पडला असेल आणि पोट फुगलं असेल तर ते लाजणं नाही.

बरं, आता पान वापरायचं कसं. पाकिटात कागद येतो त्यात उकळायला सांगितलंय. मी नुसतं नळाखाली दोन्ही बाजूंनी धुवून वर कढत पाणी ओतते आणि घालते, कारण खूप उकळलं तर टॅनिन पातेल्यातच निघून जातं. लगेच बुडवायचं असेल तर उकळा, पण मग तरंगणारं छप्पर मिळत नाही, म्हणून मी उकळत नाही. घातल्यावर पानावर एक पांढुरका बुळबुळीत थर येतो, त्याला घाबरू नका, तो जैविक थर आहे, गोगलगायी आणि कोळंबी असतील तर त्या तो आनंदाने खातात. महिन्या-दीड महिन्यात पानाची नुसती शिरांची जाळी उरते, तेव्हा काढून टाकायचं. नाही काढलं तर फिल्टरच्या तोंडाशी तुकडे अडकतात.

पण एवढ्यावर चौथा सुधारला असं म्हटलं तर तो पाकिटाचा फुकटचा प्रचार होईल. पानांबरोबर आणि नंतर अजून काही बदल केले, आणि माझ्या मते खरा पाऊण भाग तोच आहे.

सगळ्यात स्वस्त म्हणजे काळा कार्डपेपर. मागच्या काचेला आणि दोन्ही बाजूंना, बाहेरून, सेलोटेपने. वीस-तीस रुपयात काम. चारही बाजूंनी उघडी टाकी म्हणजे माशाला पाठ टेकवायला जागाच नाही, कुठून कोण येईल त्याचा नेम नाही. बाजारात जे निळं पोस्टर मिळतं प्रवाळ आणि डॉल्फिनचं, ते लावण्यापेक्षा काळं किंवा गडद हिरवं बरं. तळाला पांढरी खडी असेल तर तीही खालून उजेड फेकते, आम्ही ती काढून गडद वाळू घातली आणि तिघांचे रंगसुद्धा उठले, हा मला न मागता मिळालेला फायदा.

मग तरंगती झाडं. बुडणाऱ्या पानांच्या जागी कायमचं छप्पर. आम्ही वॉटर लेट्यूस आणि साल्विनिया घातलं, दोन्ही आपल्याकडे भराभर वाढतात, इतके की दर आठवड्याला मूठभर काढावे लागतात. निम्मा पृष्ठभाग झाकला जाईल इतकंच ठेवा, बाकी मोकळा, त्याला हवा घ्यायला आणि तुमच्या झाडांना उजेड मिळायला. वॉटर लेट्यूसची मुळं खाली लोंबतात आणि चौथा आता दिवसाचा अर्धा वेळ त्या मुळांत आपले ते धाग्यासारखे लांब पर फिरवत काहीतरी चाचपत असतो. आणि हो, काढलेली झाडं नाल्यात, तलावात टाकू नका, कुंडीत खत करा. ठाण्यातल्या तलावांना जलपर्णीच पुरे झालीय.

लाईट. माशाला पापण्या नसतात आणि बहुतेक माशांच्या डोळ्याची बाहुली आपल्यासारखी पटकन लहान होत नाही, त्यामुळे अंधारातून एकदम एलईडी म्हणजे त्याच्यासाठी थोबाडीतच. आधी खोलीतला दिवा लावायचा, पाच-दहा मिनिटांनी टाकीचा, आणि बंद करताना उलटं. हे करायला पैसे लागत नाहीत, फक्त घरातल्या सगळ्यांनी पाळावं लागतं आणि तिथेच घोडं अडतं. शेवटी मी डिमरवाला टायमर घेतला जो हळूहळू उजेड वाढवतो, पानांच्या पाकिटाच्या चौपट किंमत पडली पण तेवढी वसूल झालेली दुसरी वस्तू नाही. झाकणावर डोकं आपटणं त्या आठवड्यातच थांबलं.

फिल्टर. आधीचा पॉवर फिल्टर दोन फुटी टाकीला जास्तच होता, पाणी घुसळून काढायचा. संथ पाण्यातल्या माशाला सतत पोहत राहावं लागलं की तो फिल्टरमागच्या त्या एका शांत कोपऱ्यात जातो, आणि आपल्याला वाटतं लपलाय. एअरपंपावरचा स्पंज फिल्टर लावला, जुनाही काही आठवडे सोबत चालू ठेवला म्हणजे बॅक्टेरिया नव्यात बसतात, मग जुना काढला. स्पंज दिसायला कुरूप आहे हे मान्य.

जागा. टाकी दाराजवळ होती, तिथे चपलांची धडधड, दार आपटणं, आणि मुलं जाता-येता काचेवर टकटक. मासा आवाज आणि हादरा अंगाच्या कडेच्या लॅटरल लाईननेही टिपतो, काचेवरची टिचकी त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागते. टाकी आतल्या खोलीत हलवली, मुलांना टकटकीऐवजी खायला घालायचं काम दिलं, त्यामुळे बोट दिसलं की आता ते वर येतात. गणपतीत मिरवणुकीच्या डीजेला आणि दिवाळीत लाईट बंद करून तीन बाजूंनी जाड चादर टाकते, आवाज थांबत नाही पण चमक तरी थांबते.

आणि सोबत. हे मला सगळ्यात उशिरा सुचलं आणि सगळ्यात लवकर लागू पडलं. भित्रा मासा आजूबाजूचे काय करतायत त्यावरून ठरवतो की बाहेर यायला हरकत नाही. बाकीचे निवांत पोहतायत म्हणजे शिकारी नाही. आम्ही सात-आठ हार्लेक्विन रासबोरा आणले, शांत आहेत, घोळक्याने मधल्या थरात फिरतात, आणि काही दिवसांतच चौथा त्यांच्या मागे मागे समोरच्या काचेपर्यंत यायला लागला. झेब्रा डॅनिओ स्वस्त असतात पण फार पळापळ करतात, ह्या माशाला ती नको. टायगर बार्ब तर अजिबात नाही, ते गुरामीचे ते धागे कुरतडतात आणि तुम्ही जे कमावलं ते एका दुपारीत घालवतात. आणि हो, आपल्याच जातीतला एखादा दादागिरी करत असेल, आमच्याकडे एक नर थोडा करायचा, तर मधे दृष्टी अडेल असं लाकूड किंवा दाट झाड ठेवा म्हणजे एकमेकांना सतत दिसत नाहीत.

लोकांना एक भीती असते की इतकी झाडं, पानं, आडोसे केले तर मासा दिसणारच नाही, मग टाकी ठेवायची कशाला. उलट आहे. आधी आडोसा एकच होता तेव्हा तो तिथून हलत नव्हता, कारण ती सोडली की दुसरी जागा नाही. आता दोन हातांवर कुठेतरी सावली आहे हे त्याला माहीत आहे म्हणून तो मोकळ्यात असतो. रेघ गेली. गळा काळानिळा पडलाय. गेल्या महिन्यात पानाखाली फेस जमवला होता, म्हणजे घरटं करायच्या बेतात असावा, पण मादीला इंटरेस्ट नाही असं दिसतंय.

मग झाडाचं. आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत देशी बदाम आहे हे मला पाकीट संपायला आल्यावर वॉचमनकाकांनी सांगितलं. ह्या झाडाची पानं गळण्याआधी लालभडक होतात, आपल्याकडे हिवाळ्याच्या शेवटी भरपूर पडतात, तेव्हा वर्षभराची गोळा करून पेपरमध्ये वाळवून पिशवीत ठेवता येतात. आपोआप गळलेलीच घ्या, हिरवी तोडून घालू नका, त्यात रस असतो आणि ती पाण्यात सडतात. रस्त्याच्या अगदी कडेचं झाड नको, धूर आणि काजळी बसलेली असते, आणि महापालिकेची डासांची फवारणी नुकतीच झाली असेल तर तेव्हा घेऊ नका. कोकणात, मुंबईत, पुण्यातही हे झाड सापडत नाही असा भाग विरळा. ज्यांच्याकडे खरंच नाही, किंवा ज्यांना धुणं-वाळवणं नको, त्यांनी पाकीट घ्या, दीडशे रुपयांत दोन फुटी टाकीला चार-पाच महिने आरामात जातात.

ह्याच विक्रेत्याकडे पानांचा अर्क बाटलीत मिळतो आणि चहाच्या पुडीसारख्या पिशव्याही. अर्क मी घेतला नाही, नात्यातल्या एकांच्या टाकीत बघितला. पाणी रंगतं, बाकी काही नाही, आणि किंमत तिप्पट. ज्यातून छप्पर मिळत नाही असं पान घेऊन मी काय करू? मोठी अख्खी पानं असलेलं पाकीट घ्या, तुकड्यांचं पाकीट स्वस्त असतं पण ते लगेच बुडतं.